अपडेट झालं आणि वाय-फाय गायब झालं! दोष कार्डाचा, ड्रायव्हरचा की आणखी कुणाचा?

अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. लॅपटॉप रात्री स्वतःहून अपडेट झालेला. सकाळी सुरू केला तर खाली उजव्या कोपऱ्यात वाय-फायची खूणच नाही. तिथे पृथ्वीचा छोटा गोल आणि त्यावर बंदीची खूण. मोबाइलवर मात्र तेच वाय-फाय व्यवस्थित चालतंय.

अशा वेळी पहिला अंदाज असतो 'कार्ड उडालं'. लॅपटॉप दुकानात जातो, दोन दिवस अडकतो, कधीकधी नवं कार्डही बसतं. पण अपडेटनंतर नेट गेलं असेल, तर कार्ड जळालेलं असण्याची शक्यता कमी असते. बरेचदा बिघडलेला असतो तो कार्ड आणि विंडोज यांच्यामधला एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजेच ड्रायव्हर.

हा विषय आता फक्त कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा मोफत सपोर्ट संपला. त्याच दिवशीच्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने एक जुना मॉडेम ड्रायव्हर विंडोजमधून कायमचा काढून टाकला. जुन्या कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या प्रत्येकाशी याचा संबंध आहे. नेमकं काय घडतंय आणि आपल्या मशीनचं नेट गेलं तर काय तपासायचं, समजून घेऊया.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय?

लॅपटॉपच्या आत नखाएवढ्या ते बोटाच्या पेराएवढ्या आकाराचं एक कार्ड असतं. हवेतल्या वाय-फायच्या लहरी पकडणं आणि सोडणं हे त्याचं काम. डेस्कटॉपमध्ये केबल जिथे खोचतो, तिथेही असाच एक अडॅप्टर असतो. यातली चिप बहुतेक वेळा इंटेल, रिअलटेक, क्वालकॉम, मीडियाटेक किंवा ब्रॉडकॉम यांच्यापैकी एखाद्या कंपनीची असते.

प्रत्येक चिपला आज्ञा देण्याची पद्धत वेगळी. विंडोजला या सगळ्या पद्धती येत नाहीत. म्हणून चिप बनवणारी कंपनी एक दुभाषा लिहून देते. विंडोज म्हणतं, 'हा मजकूर पाठव.' दुभाषा ते चिपला कळेल अशा भाषेत सांगतो. हा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

कार्ड धडधाकट आहे, पण दुभाषा चुकीचं बोलतोय किंवा जागेवरच नाही, तर विंडोजच्या दृष्टीने कार्ड असून नसल्यासारखं.

ड्रायव्हर साध्या अ‍ॅपपेक्षा वेगळा असतो. एखादं अ‍ॅप कोसळलं तर तेवढंच बंद पडतं. बहुतेक ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. तिथे चूक झाली तर पूर्ण मशीन निळ्या स्क्रीनवर जाऊन थांबू शकतं. एवढी ताकद असलेला हा प्रोग्रॅम अपडेटसोबत गुपचूप बदलला जातो आणि मशीन वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

अपडेटनंतरच नेट का जातं?

याचं चांगलं उदाहरण डिसेंबर २०२३मधलं आहे.

त्या महिन्यात विंडोज ११साठी आलेल्या अपडेटनंतर परदेशातल्या अनेक विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्यांचे लॅपटॉप कॅम्पसच्या वाय-फायला जोडलेच जाईनात. घरी गेल्यावर तेच लॅपटॉप नीट चालत. काही विद्यापीठांच्या आयटी विभागांनी विद्यार्थ्यांना ते अपडेट काढून टाकायला सांगितलं.

मायक्रोसॉफ्टने नंतर मान्य केलं की काही वाय-फाय अडॅप्टर काही नेटवर्कला जोडले जात नाहीत. ऑफिस, शिक्षणसंस्था आणि सार्वजनिक ठिकाणच्या नेटवर्कवर ही अडचण येण्याची शक्यता जास्त होती. घरच्या वाय-फायवर ती सहसा येणार नव्हती. अशा मोठ्या नेटवर्कमध्ये प्रत्येकाची वेगळी ओळख तपासली जाते आणि एका खोलीतून दुसरीकडे जाताना लॅपटॉप एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर उडी मारतो. घरच्या एका राउटरवर हे प्रसंग येतच नाहीत.

यावर मायक्रोसॉफ्टने काढलेला उपाय म्हणजे 'नोन इश्यू रोलबॅक'. यात पूर्ण अपडेट काढावं लागत नाही. अडचण करणारा तेवढाच बदल मायक्रोसॉफ्ट दुरून बंद करतं.

पण तो बदल मशीनपर्यंत पोहोचणार कसा? इंटरनेटवरूनच! म्हणजे ज्याचं नेट गेलंय, त्याला नेट परत मिळवण्यासाठी आधी कुठून तरी नेट मिळवायचं. सगळ्या नेटवर्क बिघाडांमधला खरा पेच हाच आहे.

एकच तारीख, तीन घटना

आता १४ ऑक्टोबर २०२५कडे येऊ.

पहिली घटना सगळ्यांना माहीत आहे. विंडोज १०चा मोफत सपोर्ट थांबला. मशीन बंद पडलं नाही, पण नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली.

दुसरी घटना फारशी चर्चेत आली नाही. एजिअर नावाच्या जुन्या मॉडेमचा एक ड्रायव्हर वर्षानुवर्षं विंडोजसोबतच येत होता. टेलिफोनच्या तारेवरून फॅक्स पाठवणारी आणि इंटरनेटला जोडणारी ही मॉडेम. या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या आणि त्यातल्या एकीचा हल्लेखोर प्रत्यक्ष वापर करत होते. मॉडेम वापरात नसलं तरी धोका होता, कारण ड्रायव्हरची फाइल मशीनवर पडून होती. मायक्रोसॉफ्टने त्रुटी दुरुस्त करण्याऐवजी ड्रायव्हरच काढून टाकला. त्यावर चालणारी फॅक्स मॉडेम यापुढे विंडोजवर चालणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं.

तिसरी घटना म्हणजे त्याच दिवशीच्या विंडोज ११च्या अपडेटने केलेला घोळ. मशीन बिघडल्यावर ज्या रिकव्हरी स्क्रीनवरून दुरुस्ती करायची, तिथेच यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. विंडोज नीट सुरू असताना तेच कीबोर्ड आणि माउस व्यवस्थित चालत होते. २० ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टला तातडीचं अपडेट द्यावं लागलं.

मॉडेमची गोष्ट पुढची दिशा दाखवते. जून २०२५मध्येच मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं की विंडोज अपडेटवरून मिळणारे जुने ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने हटवले जातील. सुरुवात ज्यांची नवी आवृत्ती उपलब्ध आहे अशा ड्रायव्हरपासून. कारण सुरक्षेचं आहे आणि ते रास्त आहे. जुना, पोकळ ड्रायव्हर म्हणजे हल्लेखोरासाठी उघडी खिडकी. पण दहा वर्षांपूर्वीच्या कार्डावर काम चालवणाऱ्याला याचा अर्थ वेगळा कळतो. 'विंडोज शोधून देईल' हा भरवसा आता पूर्वीइतका राहणार नाही.

७८ मिनिटांची चूक आणि केबलची शर्यत

ड्रायव्हरची ताकद जगाने पाहिली ती १९ जुलै २०२४ला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर म्हणून चालतो. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ला त्याच्यासाठी एक सदोष फाइल पाठवली गेली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली होती. भारतातही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

दुरुस्त फाइल सर्व्हरवर तयार होती, पण मशीन नेटला जोडलं जाण्याआधीच कोसळत होतं. म्हणून अनेक ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनपाशी जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

तेव्हा क्राउडस्ट्राइकने दिलेल्या सूचनांमध्ये एक साधी गोष्ट होती. मशीन रीस्टार्ट करण्याआधी ते वाय-फायऐवजी केबलने जोडा, कारण केबलवर नेट बरंच लवकर मिळतं. कोसळण्याआधी नवी फाइल उतरवून घेण्याची ती शर्यत होती. काही मशीन अनेकदा रीस्टार्ट केल्यावर अशीच वाचली.

या धड्यातून मायक्रोसॉफ्टने 'क्विक मशीन रिकव्हरी' ही सोय विंडोज ११मध्ये आणली. मशीन सुरूच होत नसेल, तर रिकव्हरीमधूनच ते नेटला जोडून उपाय उतरवून घेतं. म्हणजे दुरुस्तीचा नवा मार्गही नेटवर्क कार्डातूनच जातो. कार्डाचा ड्रायव्हर धड नसेल, तर हा मार्गही बंद.

दोष नक्की कुठे आहे? आधी हे तपासा

दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी बघायला पाच मिनिटं लागतात.

पहिली : मोबाइलवर तेच वाय-फाय चालतंय का? नसेल तर दोष राउटरचा किंवा नेट देणाऱ्या कंपनीचा. लॅपटॉपला हात लावू नका.

दुसरी : लॅपटॉपवर वाय-फायचं बटण दिसतंय का? दिसत असेल आणि आजूबाजूच्या नेटवर्कची नावंही येत असतील, तर कार्ड आणि ड्रायव्हर दोघंही बऱ्यापैकी जागे आहेत. जोडल्यावर आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतलाय. आधी राउटर बंद करून सुरू करा.

तिसरी : बटणच गायब आहे? मग एअरप्लेन मोड आणि कीबोर्डवरची वाय-फायची कळ बघा. ते ठीक असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स'च्या यादीत कार्डाचं नाव असतं. त्यावर डबल क्लिक केलं की स्थितीच्या चौकटीत एखादा कोड दिसतो. तो कोड म्हणजे मशीनने स्वतः केलेली तक्रार :

– कोड २२ : कार्ड कुणीतरी बंद करून ठेवलंय. 'एनेबल' केलं की काम झालं.
– कोड २८ : ड्रायव्हर बसवलेलाच नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर हा हमखास दिसतो.
– कोड १० : विंडोजला कार्ड सुरू करता येत नाही. बहुतेकदा ड्रायव्हर चुकीचा किंवा बिघडलेला.
– कोड ३९ : ड्रायव्हरची फाइल खराब झालीय किंवा हरवलीय.
– कोड ४३ : कार्डानेच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. इथे ड्रायव्हरसोबत हार्डवेअरचाही संशय घ्यावा.
– कोड ५६ : विंडोज अजून जुळवाजुळव करतंय. यात बरेचदा एखादं व्हीपीएन सॉफ्टवेअर आड आलेलं असतं. ते काढून बघावं.

यादीत कार्डाचं नावच नसेल, तर 'व्ह्यू'मधून लपलेली उपकरणं दाखवायला सांगा आणि 'अदर डिव्हाइसेस'मध्ये पिवळ्या खुणेचं अनोळखी नाव आहे का ते बघा. तिथे असेल तर कार्ड जिवंत आहे, फक्त ड्रायव्हर नाही. कुठेच नसेल, तर कार्ड सैल झालेलं किंवा खरंच गेलेलं असू शकतं.

दुरुस्तीचा क्रम कसा असावा?

१. शट डाउन नको, रीस्टार्ट करा. 'बंद करून चालू केलं, फरक पडला नाही' असं अनेकजण सांगतात. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शट डाउन केल्यावर गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते, बिघाडासकट. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

२. तात्पुरतं नेट मिळवा. मोबाइल डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. इथे लॅपटॉप मोबाइललाच नेटवर्क अडॅप्टर समजतो, त्यामुळे बिघडलेल्या वाय-फाय कार्डाची गरजच लागत नाही. अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये सहसा आधीच असतो. अर्जाची तारीख आज संपत असेल, तर आधी हे करा, अर्ज भरा, मग निवांत दुरुस्ती.

३. एक पाऊल मागे जा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. आधीचा ड्रायव्हर जपलेला असेल तरच ते दाबता येतं. ते फिकट दिसत असेल, तर 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये जाऊन कॉम्प्युटरवरच्या उपलब्ध ड्रायव्हरच्या यादीतून निवडण्याचा पर्याय घ्या. अनेकदा तिथे जुनी आवृत्ती पडून असते.

४. काढून पुन्हा बसवा. 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट केलं की विंडोज कार्ड पुन्हा ओळखतं. यात एक चौकट येते, ड्रायव्हरही काढून टाकायचा का, असं विचारणारी. हाताशी दुसरा ड्रायव्हर नसेल तर तिथे टिक करू नका.

५. मध्येच नेट तुटत असेल तर कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी दिलेली असते. ती काढून बघा. हा टॅब प्रत्येक मशीनवर दिसेलच असं नाही.

६. शेवटी 'नेटवर्क रीसेट'. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागात हा पर्याय आहे. तो सगळे अडॅप्टर काढून नव्याने बसवतो. व्हीपीएन वगैरे पुन्हा लावावं लागू शकतं. वाय-फायचा पासवर्ड आधी लिहून ठेवा.

आणि विंडोजचं अपडेटच काढून टाकायचं? 'अपडेट हिस्ट्री'मधून ते जमतं, पण त्यासोबत सुरक्षेच्या दुरुस्त्याही जातात. म्हणून हा उपाय दोन-चार दिवसांपुरता ठीक, कायमचा नाही.

बरोबर ड्रायव्हर ओळखायचा कसा?

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर मॉडेल किंवा सीरियल नंबर टाकून ड्रायव्हर मिळतो. पण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डं बसवलेली असू शकतात. मित्राच्या 'सेम टू सेम' लॅपटॉपवर चाललेला ड्रायव्हर तुमच्याकडे चालेलच असं नाही.

खात्री करायची असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'डिटेल्स' टॅबवर 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीईएन या अक्षरांनंतर चार अंक-अक्षरांचा कोड असतो. ८०८६ असेल तर चिप इंटेलची, कारण इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा ओळख म्हणून घेतला. १०ईसी असेल तर रिअलटेक, १४सी३ असेल तर मीडियाटेक. यूएसबी अडॅप्टरसाठी मात्र व्हीईएनच्या जागी व्हीआयडी असतं आणि कोडही वेगळे असतात.

इथेच फसवणूक होते

घाबरलेला माणूस 'वाय-फाय नॉट वर्किंग' असं शोधतो आणि जाहिरातींच्या जाळ्यात सापडतो. 'तुमचे २७ ड्रायव्हर जुने झालेत' असं ओरडणारी फुकट सॉफ्टवेअर पैसे भरायला लावतात. चालू असलेले ड्रायव्हरही बिघडवतात. काहींसोबत नको ते प्रोग्रॅमही येतात.

दुसरा सापळा फोन नंबरचा. स्क्रीनभर इशारा येतो आणि 'मायक्रोसॉफ्ट सपोर्ट'चा नंबर दिसतो. फोन केला की पलीकडचा माणूस मशीनचा ताबा मागतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर नसतो, हे कंपनीने वारंवार सांगितलंय. अशाच बनावट टेक सपोर्टच्या प्रकरणांत सीबीआयने ऑक्टोबर २०२३मध्ये 'ऑपरेशन चक्र-२'अंतर्गत देशभर छापे टाकले होते. पैसे गेले असतील तर लगेच १९३०वर फोन करा.

कार्ड खरंच गेलं असेल तर?

तरीही लॅपटॉप टाकून देण्याची गरज नाही. यूएसबीला लागणारा वाय-फाय अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो. आतलं कार्डही बऱ्याच लॅपटॉपमध्ये बदलता येतं. फक्त काही मॉडेलमध्ये ते मदरबोर्डवरच जोडलेलं असतं आणि काही जुन्या लॅपटॉपमध्ये कंपनीने ठरवलेलीच कार्डं चालतात. हे दुकानदाराला आधी विचारा. आणि कार्ड बदलण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा, 'डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड कोणता आला होता?'

विंडोज १० वापरणाऱ्यांनी काय करावं?

घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवण्याची वाढीव मुदत आहे. त्यासाठी सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवणं, १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर असे पर्याय आहेत. त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, पण नवी वैशिष्ट्यं आणि तांत्रिक मदत नाही. वाय-फाय अडलं तर स्वतःच सोडवायचं.

विंडोज ११ टाकायचं तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. शिवाय विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. ही अट टाळण्याच्या पळवाटा मायक्रोसॉफ्ट २०२५पासून चाचणी आवृत्त्यांमधून एकेक करून बंद करतंय. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये वाय-फायचा ड्रायव्हरच नसेल, तर मशीन पहिल्याच पानावर अडून बसू शकतं.

म्हणून विंडोज बदलण्याआधी, आणि नेट चालू आहे तोवरच, लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहून ठेवा आणि कंपनीच्या वेबसाइटवरून वाय-फाय व केबल या दोन्हींचे ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

खरं तर हे काम वापरणाऱ्याच्या डोक्यावर यायला नको. पण चिप एका कंपनीची, लॅपटॉप दुसरीचा, विंडोज तिसरीचं. नेट गेलं की पहिली दुसरीकडे बोट दाखवते, दुसरी तिसरीकडे. या तिघांपैकी कुणीही दुरुस्ती दिली, तरी ती नेटवरूनच येणार आहे. ती येईपर्यंत अर्जाची मुदत थांबत नाही, आणि तोवर तो पेनड्राइव्ह आणि मोबाइलची केबल एवढंच हाताशी असतं.